तिथी, भरती आणि परातीतला कॅमेरा: किनारपक्ष्यांचे फोटो काढायला जाताना

पहिल्यांदा अलिबागजवळच्या आक्षीला पक्ष्यांचे फोटो काढायला गेले तेव्हा समुद्र जागेवर नव्हता. सकाळचे सात, हातात भाड्याने आणलेली भलीमोठी लेन्स, आणि समोर नुसती ओली पुळण. पाणी पार लांब गेलेलं. त्या कडेला शेकडो पक्षी होते, पण पापडावरच्या मिऱ्यांएवढे. मी त्यांच्या दिशेने चालत राहिले, ते तितकेच पुढे सरकत राहिले. परतल्यावर चारशे फोटो पाहिले. त्यातले तीनशे नव्वद उडून जाणाऱ्या पक्ष्यांच्या पाठीचे होते.

लेन्स चांगली होती, उजेड चांगला होता. चुकली होती ती तिथी. त्या दिवशी प्रतिपदा होती, म्हणजे ओहोटी साडेसहाला आणि भरती भर दुपारी. हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही शाळकरी पोराने मला सांगितलं असतं. म्हणून हा लेख कॅमेऱ्यापासून सुरू होत नाही, पंचांगापासून होतो.

भरतीचा हिशोब

किनारपक्षी म्हणजे चिखल्या, तुतवार, टिलवे, गॉडविट, कर्ल्यू ही सगळी लांब पायांची आणि चोचीची मंडळी. ती घड्याळ पाहून जेवत नाहीत, पाणी पाहून जेवतात. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात आणि वाळूत किडे, कोलंबीची पिल्लं, छोटे खेकडे सापडतात, म्हणून ती पाण्याच्या कडेला दूरवर पसरतात. भरती चढू लागली की जेवणाची जागा कमी होत जाते आणि सगळे किनाऱ्याकडे ढकलले जातात. पूर्ण भरतीला ते एखाद्या उंच वाळूच्या पट्ट्यावर, मिठागराच्या बांधावर दाटीवाटीने बसून डुलक्या काढतात. पाणी उतरू लागलं की पुन्हा कामाला लागतात.

यात आपल्या कामाची वेळ ठरलेली आहे: भरती पूर्ण होण्याआधीचे दोन तास. तेव्हा पक्षी भुकेले असतात, खाण्यात गुंतलेले असतात आणि पाणीच त्यांना तुमच्याकडे आणून देतं. आपण त्यांच्याकडे जायचं नाही, आपल्या जागी बसायचं.

भरतीची वेळ काढायची कोकणातली रीत अशी: तिथीच्या आकड्याला तीनने गुणा आणि चारने भागा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा-अमावास्येला साधारण साडेअकरा-बारा. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. एक भरती सकाळची धरली तर दुसरी साधारण साडेबारा तासांनी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही त्याच्यामागून तशीच सरकते. हा ठोकताळा मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात अर्ध्या तासाच्या फरकाने बरोबर येतो. निघायच्या आदल्या दिवशी मोबाइलवर मुंबईच्या भरतीचा तक्ता पाहून नेमकी मिनिटं घ्या, पण महिनाभर आधी सुट्टी टाकायची असेल तर भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

दुसरी गोष्ट पाण्याच्या उंचीची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. मुंबईजवळ तेव्हा भरती साडेचार मीटरच्या आसपास चढते आणि ओहोटीही तितकीच खोल जाते. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही. भांगाला पुळणीचा बराच भाग उघडा राहतो, म्हणून पक्षी मध्येच कुठेतरी रेंगाळतात. उधाणाला उलट होतं: शेवटी पाणी इतकं वर येतं की पक्ष्यांना बसायला जागाच उरत नाही आणि ते उठून दुसरीकडे जातात. त्यामुळे उधाणाच्या एक-दोन दिवस आधीची तिथी मला सगळ्यांत आवडते.

आता यात सूर्य मिसळा. आक्षीचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागून, सुरूच्या बनावरून येतो आणि पाण्याच्या कडेचे पक्षी समोरून उजळतात. संध्याकाळी तोच सूर्य समुद्रावर असतो, म्हणजे पक्षी काळे. मुंबईतल्या शिवडीचं बरोबर उलटं. तो किनारा पूर्वेकडे पाहतो, तिथे सकाळी डोळ्यांवर ऊन आणि चार वाजल्यानंतर मजा. म्हणून आक्षीसाठी सकाळी नऊ-साडेनऊची भरती हवी, म्हणजे द्वादशी किंवा त्रयोदशी. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत अशा वीसेक सकाळी येतात. त्यांतल्या शनिवार-रविवारी पडणाऱ्या पाच-सहाच. नोकरी करणाऱ्याने त्या आधीच कॅलेंडरवर गोल करून ठेवाव्यात आणि त्या दिवसांची लग्नं टाळावीत. (स्वतःचं सोडून.)

ऋतूबद्दल थोडंसंच. पक्षी ऑगस्ट-सप्टेंबरपासून यायला लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी संख्या भरपूर असते, पण बहुतेकांचे कपडे राखाडी. मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला पंधरवडा हा खरा खजिना. परतीच्या वाटेवर निघण्याआधी चिखल्यांच्या छातीवर विटकरी पट्टा चढतो, कर्ल्यू सँडपायपर भाजलेल्या विटेसारखा लाल होतो, गॉडविटच्या मानेवर गंज उतरतो. संख्या कमी असेल, ऊन लवकर तापेल, पण पिसारा तेव्हाच पाहावा.

कुठे आणि कसं जायचं

आक्षी अलिबागच्या दक्षिणेला, पाचेक किलोमीटरवर. गाव छोटं आणि शांत. जाता जाता शके ९३४ चा मराठी शिलालेखही पाहता येतो, पण तो भरती संपल्यावर. मुंबईहून गेटवेवरून लाँचने मांडवा आणि पुढे बसने अलिबाग हा सोपा मार्ग, किंवा भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो. मात्र पहिल्या लाँचने निघालात तरी किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत निम्मी वेळ संपलेली असते. आदल्या संध्याकाळी जाऊन गावात किंवा शेजारी नागावला मुक्काम करा. घरगुती खोल्या मिळतात. पहाटे सहाला चहा मिळेल का हे आधी विचारा, बाकीच्या सोयी दुय्यम.

हिवाळ्यात लाँचच्या मागे कुरवांचा, म्हणजे सीगल्सचा, थवा लागतो. लोक गाठी-फरसाण उडवतात. तुम्ही उडवू नका, पण उजव्या-डाव्या कठड्याला उभं राहून तासभर उडते पक्षी टिपायचा सराव करून घ्या. तीन मीटरवरून जाणारा पक्षी फोकसमध्ये धरता आला की किनाऱ्यावर थवा उठल्यावर हात थरथरत नाहीत. माझे पहिले धड उडते फोटो लाँचवरचेच आहेत.

सामान

लेन्स ४०० मिलिमीटरच्या पुढची हवी. १५०-६०० किंवा २००-६०० झूम आणि क्रॉप सेन्सरचा कॅमेरा ही जोडी किनारपक्ष्यांसाठी पुरेशी आहे. मोठ्या झूमचा एकसंध ब्रिज कॅमेरा असेल तरी बिनदिक्कत जा. वर सांगितलेली वेळ साधली तर त्याच्यावरही सुरेख फोटो येतात.

ट्रायपॉड घरी ठेवा. उभं राहून काढलेला किनारपक्ष्याचा फोटो म्हणजे बाल्कनीतून काढलेला शेजाऱ्याचा फोटो. खाली फक्त वाळू दिसते आणि पक्षी त्यात चिकटवल्यासारखा वाटतो. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला आलात की मागचं पाणी धूसर होऊन पडद्यासारखं उभं राहतं आणि ओल्या वाळूत प्रतिबिंब मिळतं. छोटा टिलवा चिमणीएवढा असतो. त्याच्या डोळ्याची पातळी म्हणजे जमिनीपासून जेमतेम चार इंच. म्हणजे पालथं पडणं आलं.

पालथं पडून कॅमेरा पेलायला मी अॅल्युमिनियमची जुनी परात वापरते. परातीत बीनबॅग, म्हणजे धान्य भरलेली छोटी पिशवी, आणि तिच्यावर लेन्स. परातीचा तळ गुळगुळीत असल्याने ती वाळूवरून ढकलत पुढे सरकता येतं, लेन्सला वाळू लागत नाही आणि लाटेचं पातळ पाणी आलं तरी काठ सांभाळतो. बाजारात याच कामाची तयार साधनं मिळतात, परात स्वस्त पडते. एकदाच ती घेऊन एसटीत बसले तेव्हा कंडक्टरने “लग्नाला का?” असं विचारलं होतं.

बीनबॅग घरून रिकामी न्यायची आणि गावातल्या दुकानात भरायची, तेवढंच वजन वाचतं. मी पहिल्यांदा किलोभर मूग घेतले. लाटेने पिशवी भिजली, मी ती तशीच डिकीत टाकली आणि तिसऱ्या दिवशी उघडली तेव्हा लांबसडक मोड आले होते. वासाबद्दल काही सांगत नाही. तेव्हापासून तांदूळ. तांदळाला मोड येत नाहीत आणि कोरडे राहिले तर भातही होतो.

बाकी: मळखाऊ रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाखाली घालायला प्लास्टिकची चटई, टोपी, दोन जुने पंचे, हवेचा रबरी फुगा, जादा बॅटरी, पाणी. पायात घट्ट बसणारे जुने बूट. चपला चिखल मागून घेतो आणि परत देत नाही. लेन्स बदलायची वेळ येऊ देऊ नका. किनाऱ्यावर सेन्सर उघडा पडला की खारी धूळ आत गेलीच समजा.

कॅमेऱ्याचं गणित

मी मॅन्युअलवर ठेवते: शटर आणि अॅपर्चर माझं, आयएसओ ऑटो. चरणाऱ्या पक्ष्याला १/१००० सेकंद, कारण टिलव्याची चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी चालते आणि १/४०० ला तिचं टोक पुसट येतं. उडणाऱ्याला १/२००० किंवा अधिक. कोवळ्या उन्हात यासाठी आयएसओ ८०० ते १६०० पर्यंत गेला तर जाऊ द्या. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

जमिनीवरून, दहा मीटर अंतरावर, ६०० मिलिमीटरला एफ ६.३ ठेवलं तर फोकसची खोली क्रॉप सेन्सरवर जेमतेम चार बोटं असते. एकटा पक्षी आडवा उभा असेल तर ते छानच. दोघं-तिघं मागेपुढे असतील तर एफ ८ किंवा ११ करा, नाहीतर एकाचा डोळा स्पष्ट आणि बाकीची पाहुणे मंडळी धुक्यात.

फोकस सतत माग ठेवणाऱ्या मोडवर, आणि कॅमेऱ्यात प्राण्यांचा डोळा ओळखायची सोय असेल तर ती चालू. मात्र वाळूच्याच रंगाचा चिखल्या तिला बऱ्याचदा सापडत नाही. ती भरकटली की एकच छोटा चौकोन निवडून तो पक्ष्याच्या डोळ्यावर धरायचा.

उजेडाबाबत कॅमेरा हमखास फसतो. सकाळची ओली, चकाकणारी वाळू पाहून तो फोटो काळवंडतो, तिथे एक्स्पोजर अर्धा स्टॉप वाढवा. खाडीतल्या काळ्या चिखलावर पांढरा बगळा असेल तर उलट: चिखल उजळायच्या नादात बगळ्याची पिसं धुऊन निघतात, तिथे पाऊण ते एक स्टॉप कमी करा. पडद्यावर जळालेला भाग लुकलुकून दाखवायची सोय चालू ठेवा. बगळा लुकलुकला की कमी करा, एवढा साधा नियम.

आणि साडेनऊ-दहानंतर थांबा. वाळू तापली की जमिनीलगतची हवा उकळत्या पाण्यावरच्या वाफेसारखी हलते. लांबच्या पक्ष्याच्या कडा मग लाटालाटांच्या येतात. लोक घरी जाऊन लेन्सला दोष देतात. या झळांवर दुनियेतली कुठलीही लेन्स उपाय करू शकत नाही. अंतर कमी करणं किंवा चहाला जाणं, दोनच मार्ग.

एक सकाळ

द्वादशी, जानेवारी, भरती नऊ वाजून दहा मिनिटांनी. सूर्योदय सव्वासातच्या आसपास.

पावणेसातला सुरूच्या बनातून बाहेर येऊन कडेलाच थांबायचं. दुर्बिणीने दहा मिनिटं नुसतं पाहायचं: थवा कुठे चरतोय, कोणत्या दिशेला सरकतोय, कुत्री कुठे आहेत, गाड्या येतायत का. वाळूवर गेल्या भरतीची शेवाळ-काटक्यांची रेघ असते, पाणी साधारण कुठवर येईल हे तिच्यावरून कळतं. त्या रेघेच्या खाली, थवा जिकडे सरकतोय त्याच्या पन्नासेक पावलं पुढे, आपली जागा धरायची. थव्याकडे सरळ चालायचं नाही. तिरकं, वाकून, थांबत थांबत, आणि शेवटी पालथं.

मला हे वाकणं तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणाऱ्या एका काकूंनी शिकवलं. त्या आणि त्यांच्या दोन मैत्रिणी थव्यापासून दहा पावलांवर वाळू उकरत होत्या आणि एकही चिखल्या मान वर करत नव्हता. मी पन्नास पावलांवर उभी राहिले तरी सगळे भुर्रकन. काकू हसून म्हणाल्या, “तू त्यांचेकरं टक लावून बघतंस, म्हनून उरतान.” खरंच होतं ते. त्या कमरेत वाकलेल्या, त्यांची नजर वाळूत. मी ताठ, आणि माझ्या तोंडापुढे ताटलीएवढा काचेचा डोळा.

पालथं पडल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं काही होत नाही. कोपरं थंड पडतात, कानात वाळू जाते. मग पाणी सरकायला लागतं. आधी येतात ते छोटे चिखल्या. (जुन्या पुस्तकांतला लेसर सँड प्लोव्हर, आता विभागणी होऊन आपल्याकडच्याला तिबेटन सँड प्लोव्हर म्हणतात.) त्यांची चाल ठरलेली: पाचसहा पावलं धाव, गप्पकन थांब, टोच. पुन्हा धाव. बटण दाबायचं ते थांबल्यावर, टोचण्याआधीच्या त्या अर्ध्या सेकंदात, जेव्हा मान उंच आणि डोळ्यात ऊन असतं. सँडरलिंग लाटेच्या मागे पळतात आणि लाटेच्या पुढे पळत परत येतात. त्यांच्यावर लेन्स फिरवण्यापेक्षा एका जागी फोकस लावून लाटेची वाट पाहिलेली बरी.

सकाळचा हिरो मात्र कर्ल्यू. कोयत्यासारख्या वाकड्या चोचीने तो बिळातून खेकडा ओढून काढतो, झटकून झटकून त्याच्या नांग्या-पाय पाडतो, बऱ्याचदा पाण्यात बुचकळतो आणि मग गिळतो. हे सगळं अर्ध्या-एक मिनिटात. चोच बिळात डोळ्यापर्यंत गेली की तयार राहा. सलग फोटोंचा बर्स्ट सोडायचा तो झटकताना, कारण तेव्हाच नांगी हवेत उडते. मला तो फोटो चौथ्या हिवाळ्यात मिळाला, आणि त्यातही नांगी चौकटीच्या बाहेर अर्धी.

किनाऱ्याच्या खडकाळ टोकाला समुद्र बगळा दिसला तर पंधरा मिनिटं त्याला द्या. पंख पसरून, झिंगल्यासारखा धावत, पिवळ्या पावलांनी पाणी ढवळत तो मासे उठवतो. इथे एकदा शटर १/५० वर आणून त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवून पाहा. वीसातला एक जमेल: डोकं स्पष्ट आणि पंखांची राखाडी शाई पसरलेली.

पावणेनऊच्या सुमारास सगळे एका पट्ट्यावर गोळा होतात. एका पायावर, चोच पाठीत खुपसून. आता जवळचे फोटो पुरे. थोडं मागे सरका आणि झूम कमी करा. चिखल्या, गॉडविट, कुरव, सुरय (टर्न) एकाच चौकटीत, मागे लाट, एवढं सगळं घेतलेला फोटो मला पुढे वर्षानुवर्षं पाहावासा वाटतो. डोळ्यातली चमक दाखवणारे क्लोजअप सगळ्यांकडे सारखेच असतात. कॅमेरा सरळ धरा. समुद्र तिरका आला की पाणी फोटोतून सांडतं.

उठताना मागे पाहा. हे मी पोटतिडकीने सांगते. खाडीच्या मुखाजवळ एकदा मी वाळूच्या दांड्यावर पडून राहिले आणि माझ्या मागची घळ भरत आली हे मला कळलंच नाही. मांडीएवढ्या पाण्यातून बॅग डोक्यावर घेऊन आले, तीही पाग (मासे पकडायचं जाळं) टाकणाऱ्या एका दादांनी वाट दाखवली म्हणून. दांड्यावर जायचं असेल तर मोबाइलवर गजर लावून जा.

ठाण्याची खाडी: चिखल आणि होडी

ज्यांना रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, हवेत त्यांनी आक्षीला जाऊ नये. त्यांची जागा ठाण्याची खाडी. २०१५ साली तिथे रोहित अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये ती महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. शिवडीची जेट्टी ही पूर्वीची हक्काची जागा, पण अटल सेतूच्या कामानंतर तिथलं जाणं-येणं आणि दृश्य दोन्ही बदललं. आता सोयीचं पडतं ते ऐरोलीचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र. तिथून होडी सुटते आणि तिची वेळ भरतीवर ठरते, म्हणून आधी नोंदणी करा. इथला चिखल आक्षीच्या वाळूसारखा नव्हे. त्यात पाय घालायचा विचारही करू नका, गुडघ्यावर थांबत नाही तो.

होडीत ट्रायपॉड निरुपयोगी, कारण इंजिनची थरथर त्यातून थेट कॅमेऱ्यात चढते. कोपरं अंगाला चिकटवून हातात धरा, होडीच्या काठाला टेकू नका, आणि शटर १/१६०० च्या खाली आणू नका. सूर्याच्या बाजूला पाठ येईल असं आसन सुरुवातीलाच मिळवा. नावाड्याला आधीच सांगून ठेवा की लांबूनच इंजिन बंद केलं तरी चालेल. होडी वाहत वाहत गेली तर पक्षी चरत राहतात.

दोन जाती ओळखून ठेवा. मोठा रोहित उंच, फिकट, चोच गुलाबी आणि टोक काळं. छोटा रोहित बुटका, गडद, चोच काळपट लाल. दोघंही डोकं उलटं करून पाणी गाळतात, त्यामुळे बहुतेक फोटोंत डोकं पाण्यातच येतं. मान वर येण्याची वाट पाहा. दोन पक्ष्यांच्या माना एकमेकींसमोर येण्याच्या मोहात मात्र पडू नका, तो बदामाचा फोटो लाखोंनी काढून झालाय. मला स्वतःला मागे विजेचे मनोरे आणि उंच इमारती घेतलेला थवा जास्त खरा वाटतो. यातली बरीचशी मंडळी शहराच्या सांडपाण्यावर वाढणाऱ्या शेवाळावर जगतात, तर शहर चौकटीत का नको?

उधाणाच्या भरतीला रोहित खाडी सोडून नवी मुंबईच्या पाणथळींवर जाऊन बसतात. सीवूड्सचा डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्य या नौप्रशिक्षण संस्थेमागची पाणथळ. तिथे रस्त्याच्या कडेवरूनही फोटो मिळतात. रोहितांसाठी फेब्रुवारी ते मे हा काळ चांगला.

थवा उठवू नका

उडत्या थव्याच्या फोटोसाठी टाळ्या वाजवणारे, दगड टाकणारे, पोरांना पळायला लावणारे मी पाहिले आहेत. खाण्याची वेळ भरती-ओहोटीने आधीच तुकड्यांत वाटलेली असते, आणि मार्च-एप्रिलच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी चरबी साठवायची असते. भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये हे आपल्या घरात शिकवलेलं असतं, ते इथेही लागू करा. थवा तसाही उठतोच: ससाणा येतो, दलदली भोवत्या (मार्श हॅरियर) येतो, कुत्रं येतं. तुम्ही १/२००० आणि एफ ८ वर तयार असलात की झालं.

खाणं थांबवून पक्षी मान ताठ करू लागले, एका दिशेने चालू लागले किंवा पंख अर्धवट उचलू लागले, तर तुम्ही जास्त जवळ आलात. तिथेच गोठा. परत चरू लागेपर्यंत बोटसुद्धा हलवू नका. उन्हाळ्यात कोरड्या वाळूवर किंवा मिठागरात केंटिश चिखल्या किंवा शेकाट्या तुमच्याभोवती ओरडत फिरू लागला तर पायाशी अंडी असण्याची शक्यता आहे. आल्या पावली मागे फिरा, आणि ती जागा कुठेही टाकू नका. अभयारण्यात ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही. तो ससाण्यासारखा दिसतो आणि पूर्ण थवा खाडीभर फिरवतो.

परतल्यावर

कॅमेरा लगेच पुसायचा नाही. आधी हवेच्या फुग्याने वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या पंच्याने मीठ टिपा, मग कोरड्या पंच्याने. उलटा क्रम केला तर वाळूचा कण काचकागदाचं काम करतो. एसी खोलीतून पहाटे बाहेर काढताना कॅमेरा बॅगेतच अर्धा तास बंद राहू द्या, नाहीतर लेन्सवर दव धरतं आणि सूर्योदय पुसण्यात जातो. परात आणि बूट गोड्या पाण्याने धुवा.

संगणकावर पहिल्यांदा निर्दयपणे उडवा. डोळा स्पष्ट नसलेला प्रत्येक फोटो, कितीही मेहनतीचा असला तरी, बाद. रंग फार चढवू नका, जानेवारीतला चिखल्या राखाडीच असतो. ओळख पटत नसेल तर चोचीची लांबी, पायांचा रंग आणि उडताना दिसणारी पंखावरची पांढरी पट्टी हे तीन फोटो एकत्र ठेवून जाणकाराला विचारा. नुसत्या देखण्या क्लोजअपवरून बऱ्याचदा कुणालाच सांगता येत नाही. यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलीत तर तुमच्या सकाळीचा दुसऱ्यालाही उपयोग होतो.

आणि टाकून द्यायच्या फोटोंवरून शेवटचा हात फिरवण्याआधी प्रत्येक पक्ष्याच्या पायांवर झूम करा. बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, पक्ष्यांच्या पायांत कडी आणि रंगीत प्लास्टिकचे छोटे झेंडे घालते. परदेशातही घालतात. असा झेंडा दिसला तर तो फोटो डोळा धूसर असला तरी ठेवा. तारीख, वेळ, जागा, झेंड्याचे रंग, कोणत्या पायावर, गुडघ्याच्या वर की खाली, आणि अक्षरं वाचता आली तर तीही लिहून बीएनएचएसला कळवा.